आपल्याकडचा शनिवार

आरोरांगी, रारोटोंगा
२२ जुलै १९९७

प्रिय ताई,

तुझं पत्र काल मिळालं. इकडे सगळे ठीक आहोत, तिकडे तुम्ही तिघेही ठीक असाल. माआराचा गुडघा आहे तसाच आहे, पण होडी समोर दिसली की माझ्या नवऱ्याला गुडघ्याचा विसर पडतो. डुकरीला या खेपेला सात पिल्लं झाली. भाओजींना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, बायकोला एकटीला पाठवता, तुम्हालाही यायला काय झालं होतं?

आता मुद्द्याचं. पाच तास! अठरा वर्षांनी येतेस आणि पाच तास घेऊन येतेस. वर लिहितेस, "तामातोआला अमेरिकेत कॉलेजला पोचवायला निघालेय, मध्ये तिथे विमान बदलायचंय, तेवढ्यात जमलं तर भेटू." जमलं तर? तू लिहितेयस कुणाला? या गावात लग्न असो की मयत, मी सांगितल्याशिवाय उमूच्या खड्ड्यात दगड तापत नाहीत. गेल्या महिन्यात पाळकांच्या निरोपाला सगळं गाव जेवलं आणि शेवटच्या पंगतीलाही डुकराच्या पाठीचा तुकडा मिळाला. मला पाच तास पुष्कळ झाले. तू फक्त विमानातून उतर, बाकी माझ्यावर सोड.

आधी तारखेचं. तू लिहिलंयस शनिवार, नऊ ऑगस्ट. तुझ्या ऑकलंडला शनिवार असतो तेव्हा इथे शुक्रवार असतो, हे तुम्ही तिकडे राहिलेले लोक हटकून विसरता. काकांच्या पुआचा मेहुणा असाच आला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी केक मांडीवर घेऊन चर्चच्या पायरीवर बसलेला, आणि वर आम्हालाच विचारतो, सगळे कुठे गेले? तेव्हा मी तुझ्यातून एक दिवस वजा केलाय. शुक्रवार, आठ तारीख. त्या दिवशी दुपारी विमान आहे, विमानतळावर जाऊन स्वतः विचारून आले. पुन्हा कळवत बसू नकोस, आपलं पक्कं.

उतरल्या उतरल्या हार. अनंताच्या फुलांचे करते, तुझ्या गळ्यात तीन, पोराच्या गळ्यात चार. मग निघायचं. तुला पुआ आठवतो ना, काकांचा? तो हल्ली बस चालवतो. आपल्याकडे आता दोन बस झाल्यात. एक घड्याळाच्या काट्याप्रमाणे बेटाला फेरी मारते, दुसरी काट्यांच्या उलट. आम्ही त्यांना सुलटी आणि उलटीच म्हणतो. पुआची उलटी. त्यावरून त्याला जेवढं चिडवायचं तेवढं चिडवून झालंय, तू नवीन काही काढू नकोस.

आपण मात्र माआराच्या गाडीने जायचं, आणि सुलट्या बाजूने. आधी आवारुआचा बाजार, मग सरळ मुरी. मावशीच्या अंगणात उमू लावतेय. डुक्कर, नीरफणस, नारळाच्या रसातली अळूची पानं आणि तुझ्यासाठी लिंबात मुरवलेली कच्ची मासळी. जवळची म्हणावीत अशी चाळीस माणसं. तामातोआ मावशीच्या दारातच समुद्रात डुंबून घेईल. मग परत त्याच वाटेने विमानतळ. आरोरांगीची बाजू तेवढी राहील. राहू दे. पाइप टाकायला तिथला रस्ता खणलाय आणि धूळ फार उडते.

पोराचे केस अजून तसेच आहेत का? मागच्या ख्रिसमसच्या फोटोत कमरेपर्यंत दिसत होते. सहज विचारते. मावशीकडे खुर्ची आहे, कात्री आहे, फिती मी आणून ठेवल्यात. माणसं तर जमणारच आहेत. पहिल्या मुलाचे केस गोतावळ्याने बसून, एकेकाने एकेक बट कापून उतरवायचे असतात. ते ऑकलंडला का केलं नाहीस आणि एवढी वर्षं पोराला केस घेऊन का हिंडवलंस, हे मी विचारत नाही. तो अमेरिकेत तसाच जाऊन उभा राहिला तर लोक काय म्हणतील, एवढंच.

तर ये. मी विमानतळावर आहे.

तुझी,
वाइने

ता. क. पाकीट बंद केलं होतं, परत उघडलं.

आईचं नाव कुठेच नाही, हे तुझ्या लक्षात आलं असणार. रस्ता खणलेला नाही. आरोरांगीला घर आहे आणि घरात ती आहे, म्हणून मी तुला बेटाच्या पलीकडच्या बाजूला जेवायला घालतेय.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती रताळी सोलत होती. "बरं," म्हणाली. मग झाडू घेतला आणि अंगणातली बाबांची कबर झाडायला गेली. सकाळीच झाडलेली होती. बस, एवढंच. पहिलं नातवंड आजीच्या कुशीत वाढतं, ती रीत तू मोडलीस, असं ती म्हणते. तिने त्याचं अंथरूण घालून ठेवलं होतं आणि तीन महिन्यांचं पोर उचलून तू विमानात बसलीस. तू म्हणतेस, मूल माझं होतं. दोघींचं खरं आहे, आणि दोघींचं ऐकून माझे कान किटलेत. मुरीला चाळीस माणसांत तुम्ही समोरासमोर आलात तर निभावून जाईल. आली तर तिला घेऊन येते. नाही आली तर तुला निदान जेवायला तरी मिळेल.

बाबा गेले तेव्हा तू ऑकलंडच्या विमानतळावरून माघारी फिरलीस. या वेळी फिरू नकोस, ताई.

*

आरोरांगी
२८ ऑगस्ट १९९७

प्रिय ताई,

सगळे ठीक आहेत, डुकरीसुद्धा. तुम्हीही ठीक असालच. आता नीट बसून वाच.

तुझं कार्ड आलं. पुढे माडांचं चित्र, जणू आम्ही जन्मात माड पाहिलेले नाहीत, आणि मागे दोन ओळी: "आई म्हणाली, तू कामात होतीस. मी समजू शकते."

काय समजू शकतेस तू? काही समजू शकत नाहीस. मी इथे राहते, त्या घरात झोपते, तरी मला समजायला इतके दिवस लागले. मी रागावून आले नाही, असं तुला वाटतंय. माआरा म्हणाला, लिहू नकोस, फोन कर. पण फोनवर मी नुसती ओरडेन. तेव्हा झालं ते झालं तसं लिहिते.

मी आले होते, ताई. शुक्रवारी. एक दिवस आधी.

पहाटेपासून मुरीला दगड तापत होते. मी नवा फुलांचा झगा घातला होता आणि हातात सात हार. मावशी, तिच्या सुना, चर्चच्या गायक मंडळातल्या बाया, सगळ्या कठड्याला लागून उभ्या. उकुलेले वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं की माझी बहीण दिसली की चांगलं जोरात वाजव. विमान आलं. माणसं उतरली. गोरे उतरले, आपले उतरले, फ्रिज घेऊन येणारी ती पलीकडची बाई उतरली. मग वैमानिक टोपी काखेत मारून चालत आले.

मावशी म्हणाली, "आली नाही गं?"

"येईल. आत अडकली असेल."

"वैमानिक पण आले बाहेर. आता आत कोण राहिलंय, झाडूवाला?"

उकुलेलेवाल्याने बिचाऱ्याने एक गाणं जास्तीचं वाजवलं. शेवटी ते सात हार मी समोरच्या एका म्हाताऱ्या जर्मन जोडप्याच्या गळ्यात घातले आणि निघाले. तो म्हातारा रडायला लागला. त्याला वाटलं, सगळ्यांना असंच करतात.

जेवण झालं. चाळीस माणसं जेवली आणि एकानेही तुझं नाव काढलं नाही. माआरा म्हणाला, "डुक्कर छान भाजलंय हं." तेव्हा माझा तोल गेला. मी उभी राहून म्हटलं, "ती येणारच नव्हती. बाबांच्या वेळी फिरली तशीच फिरली. ती अशीच आहे." सगळ्यांसमोर म्हटलं. हे तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जायच्या आत मीच सांगितलेलं बरं. आणि त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं. मला इतकं वाईट वाटलं होतं ना ताई, की मी पानाला हात लावला नाही. आणि मी जेवले नाही म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे.

आई आलीच नव्हती. "तुम्ही जा, माझे पाय दुखतात." संध्याकाळी मी घरी येऊन सांगितलं, ती नाही आली. "बरं," म्हणाली. आणि मुरीहून आणलेलं सगळं पुढ्यात घेऊन जेवली. दोनदा वाढून घेतलं! मी मनात म्हटलं, काय निष्ठुर बाई आहे ही.

शनिवारी सकाळी तिने घर रिकामं करायला घेतलं. माआराला म्हणाली, समुद्रावर जा, मला उद्याला मासळी हवी. मला म्हणाली, तितिकावेकाच्या वाफ्यातून अळूचे कंद काढून आण. मी म्हटलं, "घरात आहेत की कालचे."

"ते कालचे. मला आजचे हवेत."

"आई, मी काल दिवसभर राबलेय."

"मग आज वाफ्यात जाऊन बस. तुझं तोंड बघून कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील."

शनिवार असून तिने चर्चची टोपी घातली होती, कोवळ्या माडाच्या पातीची ती पांढरी. मी पाहिली. पेटीतली लाल फुलांची गोधडीही बाहेर काढून उन्हात घातली होती. तीही पाहिली. पण राग डोक्यात असला की डोळ्यांना दिसतं आणि पुढे कुठे जात नाही. माआराने जाताना मला वाफ्याशी सोडलं आणि मी दुपारभर चिखलात गुडघाभर उभी राहून तुला शिव्या घालत होते. तू तेव्हा कुठे होतीस, सांगू? माझ्यापासून हाकेच्या अंतरावरून पुआच्या बसमधून जात होतीस.

उन्हं कलल्यावर कंदांचं पोतं घेऊन मी रस्त्यावर आले. सुलटी बस शनिवारी दुपारनंतर बंद असते, म्हणून उलटीला हात केला. पुआने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, तोंडाला चिखल लागलाय.

"तू इथे काय करतेस?" म्हणाला.

"नाचतेय. दिसत नाही? पोतं घे."

"अगं, तुझी बहीण तुमच्या घरी आहे ना?"

"माझी बहीण ऑकलंडला आहे."

"मग मी सोडलं ते तिचं भूत होतं. आणि त्या भुताबरोबर ताडमाड पोरगा होता, केस इथपर्यंत." त्याने स्टिअरिंग सोडून कमरेला हात लावून दाखवला.

मी मटकन बसले, ती कुणाच्या तरी मांडीवरच. मग त्याने सांगितलं. तू विमानतळावरून चढलीस. गळ्यात एक फूल नाही. हातात छोटी पिशवी. आपलं घर आलं, त्याने बस हळू केली, तू खिडकीतून बघत बसलीस. त्याने विचारलं, "उतरायचं ना?" तू म्हणालीस, "पुढे घे." मग त्याने तुम्हाला अख्खं बेट फिरवून आणलं. पोरगा विचारत होता, हे काय, ते काय, आणि तू सांगत होतीस: ही माझी शाळा, इथे आम्ही पोहायचो, इथे वाइने झाडावरून पडली. मी झाडावरून पडले, एवढंच सांगायला सापडलं का तुला? दुसऱ्या फेरीला घर आलं तेव्हा पोराने स्वतःच घंटी वाजवली, तुझी पिशवी उचलली आणि उतरला. मग तुला उतरावंच लागलं.

"आणि तू तिच्याशी बोलला नाहीस?" मी पुआवर ओरडले.

"कसा बोलणार? काल तूच सगळ्यांसमोर म्हणालीस, ती येणारच नव्हती. मला वाटलं, तुमचं काहीतरी मोठं बिनसलंय. मी कशाला मध्ये पडू?"

"विमान कधी आहे?"

"आता काय, निघायलाच आलं असेल."

"बस फिरव!"

रस्ता तुला माहीत आहे, तिथे हातगाडी फिरवायची तरी पंचाईत. तितिकावेकाहून आपलं घर मागे, अगदी जवळ, आणि बस तोंड करून उभी पुढे, अख्ख्या बेटाला वळसा घालायला. मागून एक म्हातारी म्हणाली, "उलटी बस सुलटी फिरवलीस तर मी उतरेन. माझी मासळी वितळतेय." दुसरी तिच्यावर तुटून पडली, "तिची बहीण अठरा वर्षांनी आलीय, आणि तू मासळी घेऊन बसलीस?" पुआ म्हणाला, "सगळ्या गप्प बसा आणि घंटी वाजवू नका." आणि त्याने जी सोडली बस!

ताई, कुणीही घंटी वाजवली नाही. मुरी गेलं. मुरीच्या बाया उतरल्या नाहीत, म्हणाल्या, पुढच्या फेरीला उतरू. आवारुआ गेलं. मासळीवाली तिथलीच, तीसुद्धा बसून राहिली. फक्त अधूनमधून मासळीचा वास घेऊन बघत होती.

विमानतळाच्या कुंपणाशी बस थांबली तेव्हा माणसं विमानाकडे चालत निघाली होती. एवढ्या लोकांत तुला कशी ओळखणार, म्हणून मी घाबरले होते. पण मला आधी दिसला तो पोरगा. मी त्याला तीन महिन्यांचा पाहिला, त्यानंतर फोटोत. पण सगळ्यांच्या डोक्यावर दिसणारं ते डोकं, आणि केसांत बटाबटांना बांधलेल्या लाल, हिरव्या, पिवळ्या फिती. इंजिनाच्या वाऱ्याने त्या सगळ्या उडत होत्या. आणि त्याच्या शेजारी तू. तुझ्या डोक्यावर आईची टोपी होती.

तेवढ्याने मला सगळं कळलं. ती टोपी ती मला चर्चलासुद्धा घालू देत नाही.

मी ओरडले. माझ्यामागे अख्खी बस ओरडली. तुला ऐकू गेलं नाही. शिडीवर चढल्यावर पोराने मागे वळून हात केला, सगळेच करतात तसा. पण मी तो माझा म्हणून घेतलाय. तो माझाच होता, त्याला विचारू नकोस.

घरी आले तर नीरफणसाखाली खुर्ची, खुर्चीवर लाल फुलांची गोधडी, आणि आई शेजारी ओट्यावर बसलेली. मांडीवर कात्री. मुठीत केसांची एक बट, पांढऱ्या फितीने बांधलेली.

"आलीस?" म्हणाली. "कंद धुऊन ठेव."

मी पोतं तिथेच आपटलं. "मला बोलावलं का नाहीस? शेजारच्या पोराला पाठवायचंस!"

"तू काल गेली होतीस ना भेटायला. मी कुठे गेले होते?"

हे असं. मी रात्री जेवले नाही, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये गायले नाही, आठवडाभर तिच्याशी तुटक बोलले. तिच्यावर काडीचा परिणाम नाही. ती गुणगुणत होती! बाबा गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. कधी लहर लागली की तुमचं थोडंथोडं सांगायची. पोरगा आधी आत आला आणि वाकून आपल्या भाषेत म्हणाला, "आजी, कात्री आहे का?" एवढंच शिकून आला होता की काय, देव जाणे. आणि तू आत न येता बाबांच्या कबरीपाशी बसलीस.

"मग तू काय म्हणालीस तिला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, उन्हात बसू नकोस, टोपी घे."

अठरा वर्षं मी तुमच्या दोघींचे निरोप पोचवले. तुझं गोड करून तिला सांगितलं, तिचं गोड करून तुला लिहिलं. मला वाटायचं, तुमचं जमवायला केवढी तयारी लागेल. आणि लागली काय, तर टोपी.

आता खरं. तुझं कार्ड आल्यावर मी ते तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "वाच. तिला वाटतंय मी रागावून गेले नाही. मी दिवस चुकले, ती चुकली नाही, पण तिने मला एक फोन करू नये?"

आईने गोधडीचा टाका पुरा केला. मग म्हणाली, "केला होता."

तू केला होतास. माझं पत्र वाचून लगेच. मी तेव्हा सणाच्या नाचाच्या तालमीला गेले होते. आईने उचलला. तू म्हणालीस, "वाइने, तूच ना? अगं, मी एक दिवस आधीच वजा करून लिहिलं होतं. शुक्रवार नाही. शनिवार, आपल्याकडचा शनिवार. कळलं?" आणि आई म्हणाली, "हूं." आणि फोन ठेवला. आणि ना माझ्याशी बोलली, ना माआराशी. मला शुक्रवारी सात हार घेऊन जाऊ दिलं, डुक्कर भाजू दिलं, चाळीस माणसांसमोर तोंडावर पडू दिलं, आणि संध्याकाळी दोनदा वाढून घेतलं.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. बोलून दमले तेव्हा ती म्हणाली, "अठरा वर्षांनी मुलीचा आवाज कानात पडला. तो काय तुझ्या उमूभोवतीच्या चाळीस जणांत वाटून घेऊ?"

मी आत जाऊन रडले. थोडी रागाने, थोडी तुमच्यासाठी बरं वाटून, आणि पुष्कळशी यासाठी की तुम्हा दोघींना ते पाच तास मिळाले आणि मला कुंपण मिळालं. माझी बहीण आली आणि मला भेटली नाही. तू म्हणतेस, समजू शकते. समजू नकोस. त्यापेक्षा माझ्यासाठी थोडं रड. मला तेच आवडेल.

मग मी बाहेर येऊन तिला विचारलं, "पोराची एकच बट कापलीस. बाकीचे केस का ठेवलेस? वेळ तर होता."

"माझी एकच. बाकीच्या दुसऱ्यांच्या आहेत, त्या मी कशी कापीन? फिती बांधून दिल्यात. लाल मावशीची, हिरवी माआराची, पिवळी पुआची."

"आणि विमानात तो तसाच बसणार होता? फिती लावून?"

"बसला की."

माझी कुठली, ते मी विचारत नव्हते. मला विचारवत नव्हतं. तिने सुई खाली ठेवली, डाव्या कानामागे बोट लावून दाखवलं आणि म्हणाली, "तुझी निळी. ही इथली. सगळ्यात जाड बट आहे, तुला जाडच लागते सगळं."

ताई, मला कुंपणावरून निळी फीत दिसली नव्हती. ती कानामागे होती, म्हणून. तामातोआला सांग, केस खुशाल धू, विंचर, खेळताना टोपीत कोंब, अमेरिकेतले लोक हसले तर हसू दे. पण त्या बटेला कात्री लावू नकोस. ती माझी आहे, आणि कापणार मीच.

तो सुट्टीत घरी याच वाटेने येणार आहे. तू त्याला आणायला जाशील, हे मी ठरवून टाकलंय. येशील तेव्हा हवा तो वार लिही, ऑकलंडचा लिही, अमेरिकेचा लिही, मी वजाबाकी सोडली. घरातला फोनही आता माझ्या उशाशी आहे. आईला आवडलेलं नाही, पण तिला म्हटलं, "बरं."

शुक्रवारीही आणि शनिवारीही तुझीच,
वाइने